गाडी कोकलते, पण कुठून?

जुनी गाडी घेतलेला माणूस पहिले आठ दिवस गाणी ऐकतो. नवव्या दिवशी टेप बंद करून गाडी ऐकायला लागतो. माझंही तसंच झालं. 2009 ची आल्टो घेतली आणि आईचे डोळे दाखवायला आर्णीहून यवतमाळला निघालो. गाव सुटलं, एसी लावला, आणि समोरून कुठून तरी "कुईंऽऽऽ" सुरू झालं. आई म्हणे, "बोनटात मांजर त नाही बसली बाप्पा?"

मांजर नव्हती. एका गॅरेजवाल्यानं बोनेट उघडलं आणि आवाज न ऐकताच पट्टा (इंजिनाच्या जोरावर डायनामो, पाण्याचा पंप फिरवणारा रबरी बेल्ट) बदलला. पंधरा दिवसांत आवाज परत. त्यानं पुन्हा पट्टा बदलला, "पहिला डुप्लिकेट निघाला" म्हणून. आवाज जागच्या जागी. शेवटी फाट्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं बोनेटला हातही लावला नाही. बिडी विझवली आणि विचारलं, "इंजिनासोबत कोकलते का चाकासोबत?"

मला सांगता आलं नाही. दोन महिने तो आवाज ऐकत होतो, पण तो नेमका कधी येतो आणि कधी थांबतो, हे एकदाही पाहिलं नव्हतं. "मंग जा, पाहून ये. तवरोक मी चहा घेतो."

ते पाहून कसं यायचं, तेवढंच इथं सांगतो. पाने-पेचकस फारसे लागत नाहीत. एक मोकळा रस्ता, अर्धा तास आणि शेजारी बसायला एक शांत माणूस लागतो. बडबड्या मित्र नको.

आधी दोन-चार गोष्टी जिवाच्या

मळणीयंत्रात बाही किंवा ओढणी गेल्याची गोष्ट आपल्याकडं गावोगावी ऐकायला मिळते. बोनेटखालचा पट्टा त्याच जातीचा. इंजिन चालू असताना खांद्यावरचा दुपट्टा काढून ठेवायचा, बाह्या वर करायच्या आणि पट्ट्याच्या हातभर अंतरात बोट न्यायचं नाही. रेडिएटरचा पंखा बहुतेक छोट्या गाड्यांत विजेवर चालतो. तो इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू शकतो, त्यामुळे पट्ट्याला हात लावायचा तो किल्ली काढून, इंजिन गार झाल्यावर. गाडी उघड्यावर उभी करा, बंद गोठ्यात किंवा गोदामात इंजिन चालू ठेवू नका. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, चाकाला पुढून-मागून दगड. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही, "दोन मिनिटांचं काम हाय" म्हणणारा तर नाहीच नाही.

पहिली पायरी: गाडी उभी ठेवून ऐका

सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना सुरू करा. जागेवरच आवाज आला, तर चाक, ब्रेक, टायर सगळे सुटले. दोष इंजिनाच्या बाजूला आहे. आता एक्सिलेटर हलकेच दाबा. आवाजाची पट्टी इंजिनाबरोबर वर चढते का? चढत असेल तर पट्टा किंवा पट्ट्यानं फिरणारं काही तरी.

जागेवर काहीच ऐकू आलं नाही, तर लगेच चाकांवर आळ घेऊ नका. आधी इंजिनावर भार टाका. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असेल तर तो, आणि एसी, हे सगळं एकदम लावा. डायनामोला (मिस्त्री अल्टरनेटरला डायनामोच म्हणतात, मीही म्हणतो) जास्त वीज काढावी लागली की तो पट्ट्याला जड जातो, एसीचा कॉम्प्रेसरही जड जातो, आणि ढिला पट्टा पुलीवरून (पट्टा ज्या चाकीवर बसतो तिच्यावरून) घसरायला लागतो. घसरताना रबर पकडतं, सुटतं, परत पकडतं. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की त्याचाच "कुईं" होतो. पट्ट्यावर चालणारं हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल, तर स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवून दोन-तीन सेकंद धरा, जास्त नको. तेवढ्यात किंचाळली तर तो पट्टा ढिला. आल्टोसारख्या छोट्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंग असलंच तर विजेवर असतं, त्याला स्वतःचा पट्टा नसतो.

पट्टा की बेअरिंग? इथंच लोकांचे पैसे जातात

माझेही इथंच गेले, म्हणून थोडं थांबतो. बेअरिंग म्हणजे पुलीचा दांडा ज्यात फिरतो ते छऱ्यांचं कडं.

किल्ली काढून, गार इंजिनावर पट्टा पाहा. मोबाइलचा टॉर्च लावा. आतली बाजू काचेसारखी चकाकते का, आडव्या चिरा आहेत का, कडेचे दोरे निघालेत का, ऑइलचा ओला डाग आहे का, हे बघायचं. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. त्यात गाडी दिवसभर टिनाच्या शेडखाली. अशा उष्णतेत रबर कडक होतं, आणि कडक रबर ताण बरोबर असूनही घसरतं. ऑइल लागलेला पट्टा पुसून चालत नाही, तो बदलावाच लागतो. त्याआधी ऑइल कुठून गळतं ते बंद करावं लागतं, नाही तर नवा पट्टाही महिन्याभरात तसाच होईल.

ताण पाहायचा तर दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब तुकड्याच्या मध्यावर अंगठ्यानं चांगला जोर द्या. जुन्या पद्धतीच्या, बोल्टनं ताणायच्या पट्ट्यात तो साधारण 10 मिलिमीटर दबला तर चालतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. काही गाड्यांत एकच लांब पट्टा सगळं फिरवतो आणि त्याला आपोआप ताणणारा टेन्शनर असतो. तिथं अंगठ्याची परीक्षा उपयोगाची नाही. टायमिंग बेल्ट वेगळा, तो झाकणाच्या आत असतो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता पाण्याची परीक्षा. झाडांवर फवारायची लहान बाटली घ्या, फवारणीच्या औषधाची नको, साध्या पाण्याची. आवाज चालू असताना दूर उभं राहून पट्ट्याच्या आतल्या, पुलीला लागणाऱ्या बाजूवर एक-दोन फवारे मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पट्टा कडक झालाय किंवा पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला, तर पट्टा ढिला आहे आणि घसरतोय. काहीच फरक पडला नाही, तर पट्टा बिचारा निर्दोष आहे. दोष एखाद्या बेअरिंगमध्ये आहे.

माझ्या गाडीत काहीच फरक पडला नाही. मिस्त्रीनं इंजिन बंद करवलं, एक बोल्ट ढिला करून पट्टा उतरवला आणि दहा सेकंद इंजिन चालवलं. आवाज गायब. पट्टा नसला की पाण्याचा पंपही फिरत नाही, म्हणून ही परीक्षा गार इंजिनावर आणि अर्ध्या मिनिटाच्या आतच करायची. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागेल, तो लागणारच. मग इंजिन बंद करून त्यानं माझा हात धरला आणि पाण्याच्या पंपाच्या पुलीवर ठेवला. "फिरव." लोण्यासारखी फिरली. मग डायनामोच्या पुलीवर. "आता हे फिरव." फिरवली, तर बोटांना आत खरखर लागली, जात्यात चार दाणे वाळू पडल्यावर लागते तशी. कान जवळ नेला तर बारीक "श्श्श". "हे बोलून राह्यलं दोन महिने," तो म्हणाला, "अन् तू पट्ट्याले मारून राह्यला."

प्रत्येक पुली अशी हातानं फिरवायची आणि पुढं-मागं, वर-खाली हलवूनही पाहायची. चांगल्या बेअरिंगमध्ये खरखर नसते आणि खेळ नसतो. पाण्याच्या पंपाच्या पुलीत खेळ असेल आणि त्याच्याखाली कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) वाळलेला हिरवा किंवा गुलाबी ओघळ दिसला, तर पंप लवकरच जाणार. पट्टा उतरवायचा नसेल तर लांब पेचकसाचं टोक एकेका भागाच्या न फिरणाऱ्या अंगावर टेकवून मूठ कानाला लावायची, डॉक्टरच्या नळीसारखी. पण हे इंजिन चालू असताना करायचं असतं, म्हणून हात बसेपर्यंत मिस्त्रीलाच करू द्या.

पट्ट्याला साबण घासणं, मेणबत्ती लावणं, जळकं ऑइल टाकणं हे सगळे उपाय मला लोकांनी सांगितले. साबणानं आवाज एक दिवस थांबतो. ऑइलनं पट्टा कायमचा बिघडतो. बाजारात पट्ट्यावर मारायचा स्प्रेही मिळतो. आवाज तेवढा दबतो, कारण तसंच राहतं.

आणि गोठ्याशेजारी गाडी ठेवत असाल तर एकदा उंदरांचा विचार करा. थंडीच्या दिवसांत ते इंजिनाच्या उबेला येतात आणि कुटार, कापूस, काय सापडेल ते आणून ठेवतात. ते पट्ट्यात आलं की चिवचिव होते आणि वायरी कुरतडलेल्या असतात ते वेगळंच.

पट्टा तुटला तर काय होतं हे माहीत हवं. बॅटरी चार्ज होणं थांबतं. ज्या गाड्यांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर आहे, त्यांत इंजिन काही मिनिटांत तापतं. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या पाठीलाच बसवलेला असतो, म्हणजे पट्टा गेला की ब्रेकही जड. म्हणून किंचाळता किंचाळता आवाज एकाएकी बंद झाला आणि लाल दिवा लागला, तर खूश होऊ नका. गाडी बाजूला घ्या. टोपी उघडून गरम रेडिएटरमध्ये पाणी ओतायला जाऊ नका, हात भाजतात.

दुसरी पायरी: चालत्या गाडीत

जागेवर भार टाकूनही गाडी गप्प राहिली, तर आता रस्त्यावर या. पांदण रस्ता नको, गुळगुळीत डांबर पाहा, वाहतूक नसलेलं. काचा खाली करा. शक्य असेल तर एका बाजूला भिंत किंवा दाट झाडं असलेला तुकडा निवडा, म्हणजे त्या बाजूच्या चाकाचा आवाज परत येऊन स्पष्ट ऐकू येतो. येताना दुसरी बाजू भिंतीकडं करा.

ताशी 40 च्या वेगावर क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा आणि क्लच सोडा. इंजिन बंद करायचं नाही. ते बंद केलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, आणि किल्ली पूर्ण मागे गेली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. न्यूट्रल केल्यावर इंजिन मंद झालं, तरी आवाज तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू कमी झाला, तर तो चाकाच्या बाजूचा. इंजिन मंद होताच आवाजही पडला, तर परत पहिल्या पायरीवर जा.

आवाज येत असतानाच ब्रेकवर नुसता पाय टेकवा. गाडी थांबवायची नाही, फक्त टेकवायचा. आवाज बदलला, थांबला किंवा वाढला, तर ब्रेकच. बऱ्याच ब्रेक पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड साधारण 2 ते 3 मिलिमीटर उरला की ती डिस्कला (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीला) घासते आणि मुद्दाम ओरडते. ओरडण्यासाठीच ती ठेवलेली आहे. गाडी चालताना "चींऽऽ" आणि ब्रेक दाबला की गप्प, असं झालं तर आधी पॅड पाहा. चाकाच्या जाळीतून टॉर्च मारली तर बाहेरचा पॅड पुष्कळदा दिसतो, पण आतला आधी झिजलेला असू शकतो, म्हणून चाक काढूनच खात्री करा. पॅड बदलायला पैसे लागतात, पण थांबलात तर डिस्कही जाते. आवाज चींचा खर्रर्र झाला, म्हणजे लोखंडावर लोखंड घासतंय. मग गाडी पुढं न्यायचीच नाही.

ब्रेक दाबल्यावरच किंचाळत असेल, तर पॅड चकाकले असतील किंवा धूळ बसली असेल. पावसाळ्यात सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकला होणारी खरखर डिस्कवरच्या गंजाची असते, ती आपोआप जाते. सोयाबीन काढणीच्या हंगामात तर मागच्या चाकांच्या ब्रेक ड्रममध्ये भुसा आणि मातीची पीठी साचते. ड्रम उघडून साफ करताना तोंडानं फुंकू नका, हवेनंही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (ड्रममधल्या घासणाऱ्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि पॅडच्या किंवा लायनरच्या घासणाऱ्या तोंडाला ऑइल-ग्रीस लावून आवाज बंद करणारा कोणी भेटला, तर त्याच्याकडून फक्त स्टेपनीचं पंक्चर काढून घ्या.

घाटात होणारा ब्रेकचा आवाज वेगळा धरायचा. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडं उतरताना पाय ब्रेकवरच ठेवला, तर पॅड तापतात, वास सुटतो, ब्रेक नरम लागतात. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक थोडा दाबा, सोडा, परत दाबा. वास आलाच तर थांबून गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी टाकू नका, ती वाकडी होते.

माझ्या शेजाऱ्याच्या बोलेरोची गोष्ट इथं सांगायलाच हवी. रस्त्याचं काम चालू होतं, गिट्टी पसरलेली. तिथून आला आणि पुढच्या डाव्या चाकातून असा कर्कश आवाज सुटला की बैलं बिचकली. वाटेत एकानं त्याला दोन्ही डिस्क आणि पॅडचा खर्च सांगितला. आम्ही अंगणात जॅक लावला, खाली लाकडाचा ठोकळा दिला, चाक काढलं. डिस्कच्या मागं पत्र्याचं एक ढालीसारखं झाकण असतं. ते पेचकसानं बोटभर मागं ओढलं, तर हरभऱ्याएवढी गिट्टी टप्पकन खाली पडली. चाक बसवलं, आवाज संपला. शेजाऱ्यानं ती गिट्टी खिशात घातली, सांगणाऱ्याला दाखवायला. तुमचा आवाज गिट्टीच्या, मुरमाच्या रस्त्यावरून आल्याबरोबर सुरू झाला असेल, तर सगळ्यात आधी हेच पाहा. पऱ्हाटीची किंवा तुराटीची काडी अडकूनही असंच होतं, फक्त आवाज जरा बसका येतो.

दहा-बारा किलोमीटर चालवून, फार ब्रेक न मारता, गाडी थांबवा आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या. लावायचा नाही, जवळ न्यायचा. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाही. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम असेल किंवा हँडब्रेकची तार. आमच्याकडं चिखल वाळून तार आणि तिचं नळकांडं घट्ट धरून बसतं, काळी माती सिमेंटहून वाईट.

बाकीचे, भरभर

क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. उलट, न्यूट्रलमध्ये आवाज असेल आणि क्लच दाबला की थांबत असेल, तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग, ते महाग काम. वळणावर टायर किंचाळत असेल आणि तुम्ही वेगात नसाल, तर हवा आणि अलाइनमेंट पाहा. चाकाचं बेअरिंग सहसा किंचाळत नाही, घुमतं. उजवीकडं वळताना घुमणं वाढलं, तर बहुधा डाव्या बाजूचं, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. वळताना "टक टक टक" आली, तर पुढच्या एक्सलचा जॉइंट. टर्बो डिझेलची बारीक शिट्टी जन्मापासून असेल तर असू द्या.

बोलेरो, सुमो, ओमनी या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. त्यांना इंजिनापासून मागं जाणारा प्रोपेलर शाफ्ट (फिरणारा लांब दांडा) असतो आणि त्याला क्रॉस, म्हणजे वळते सांधे, असतात. क्रॉसमधलं ग्रीस संपलं की अगदी हळू चालताना, गावात शिरताना, चिमणीसारखी चिवचिव येते आणि वेग वाढला की इतर आवाजात बुडते. ही चिवचिव चाकाची की क्रॉसची, हे मोजून कळतं. बाहेर उभ्या माणसाला चाकावर खडूची खूण करून द्या आणि गाडी माणसाच्या चालीनं चालवा. चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच "ची" आली, तर चाकाकडं, ब्रेकच्या बाजूला. एका फेऱ्यात साधारण चार-पाच वेळा आली, तर शाफ्ट, कारण चाक एकदा फिरेपर्यंत तो चार-पाचदा फिरतो. क्रॉसला ग्रीसचा निप्पल असेल तर ग्रीसगननं ग्रीस भरा. खेळ असेल तर क्रॉस बदला. निखळला तर शाफ्ट रस्त्याला टेकतो.

मिस्त्रीला काय सांगायचं

"आवाज येते" एवढं सांगू नका. असं सांगा: "सकाळी गार असताना येत नाही. वीस मिनिटांनी, एसी लावला की येतो. उभ्या गाडीतही येतो, रेस केली की चढतो. पाणी मारलं, फरक नाही. क्लच-ब्रेकनं बदलत नाही." एवढं ऐकल्यावर चांगला मिस्त्री थेट हात घालतो. आवाज गॅरेजमध्ये पोहोचल्यावर लपून बसायची सवय असलेला असेल, तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि रेकॉर्ड करताना तोंडानं "आता एसी लावला", "आता ब्रेक" असं म्हणत जा. मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात. बदललेला जुना भाग मागून घ्या, तो हातात धरून फिरवा.

माझ्या डायनामोचं बेअरिंग त्याच दिवशी बदललं. खर्च एका पट्ट्याच्या बिलाहून थोडा जास्त. पट्टा मिस्त्रीनं तोच परत चढवला, आणि गॅरेजवाल्यानं "डुप्लिकेट" म्हणून काढलेल्या पट्ट्याबद्दल विचारलं. तो मी फेकून दिला नव्हता, घरीच होता. "वर्तमानपत्रात गुंडाळ अन् डिक्कीत टाक," तो म्हणाला. "चांगला हाय थो." अजून तिथंच आहे, स्टेपनीखाली.